पुसलेल्या टेपवरची हाक

आधीच सांगते, भूतखेत, करणी, अंगात येणं — यातलं काहीच मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. छप्पन साली आमच्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातल्या देवांबरोबर भुतांनाही नदीत सोडलं, असं आई म्हणायची. मी अमरावतीला फिजिक्स शिकले, पुढे आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. तरी हे लिहिते आहे... कारण त्या दिवशी त्या खोलीत असलेल्यांपैकी आता मी एकटीच उरले.

माझी मोठी बहीण शांताताई अकोल्याला ताजनापेठेत राहायची. तिचे यजमान देवराव भाऊजी मिलिटरीत वायरलेसवर होते. सुटून आल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. एकदा शॉर्टवेव्हवर कुठल्याशा परदेशी स्टेशनचं संगीत त्यांच्या कानावर पडलं. त्यात ना पेटी, ना तबला, ना गळा — नुसते यंत्रातून काढलेले आवाज. त्या दिवसापासून माणूस घरात असून नसल्यासारखा झाला.

मुंबईहून एक जुना टेपरेकॉर्डर आणला, मग दुसरा. ऑसिलेटर स्वतः जोडला. बटण फिरवलं की त्याची शिटी बारीक होत होत कानाच्या पलीकडे निघून जायची. रहाटाची करकर, कापसाच्या जिनिंगची घरघर, कावळे — काहीही टेपवर घ्यायचे. मग ती टेप ब्लेडने तिरपी कापायची आणि टोकाला टोक चिकटवून तिचं कडं करायचं. कडं फिरत राहिलं की तोच आवाज पुन्हा पुन्हा येई. वेग कमी केला की चिमणी म्हशीसारखी रेकायची. खोटं कशाला बोलू, सुट्टीत गेले की मीही तिथून हलत नसे. ओळखीचा आवाज अनोळखी होताना अंगावर काटा यायचा... आणि परत ऐकावंसं वाटायचं.

ताईचा मुलगा राहुल सात महिन्यांचा असताना घटसर्पाने गेला. घसाच बंद झाला त्याचा. तो धडधाकट असताना भाऊजींनी त्याचं रडणं टेप करून ठेवलं होतं.

त्याला दोनेक वर्षं झाली असतील. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अकोल्याला होते. शेजारच्या गल्लीतले कॉलेजचे एक प्राध्यापक भाऊजींचं संगीत ऐकायला आले. भाऊजींनी नवी टेप लावली. काहीतरी लांबट, ओलं, उलट्या दिशेने येणारं... जनावर हसावं तसं.

"वा! कशाचा आवाज हा? मांजराचा?"

"ओळखा ना," भाऊजी हसून म्हणाले.

"मग मोर असेल."

ताई चहा घेऊन दारात उभी होती.

"आमचं पोट्टं हाये ते," भाऊजी म्हणाले.

प्राध्यापकांनी उचललेला कप खाली ठेवला. ताई एवढंच म्हणाली, "बंद करा ना जी ते."

"लेकरू नाही रडून राहिलं शांते. टेपवरची लोखंडाची भुकटी हाये. काहून जिवाले लावून घेतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी बाहेर गेले होते. ताईने एका मोडक्या स्पीकरचं चुंबक घेतलं आणि त्या टेपच्या रिळावर फिरवून ती पुसू लागली. सावकाश, दोन्ही बाजूंनी, बाळाला तेल लावावं तसं.

मी म्हटलं, "ताई, त्याचा एवढाच आवाज उरला आहे गं."

"म्हणूनच. रोज कापून राह्यले ते माह्या लेकराले. मी सोडवून राह्यली त्याले."

भाऊजींना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. शांतपणे जाऊन प्राध्यापकांना बोलावून आणलं, ताईला यंत्रासमोर खुर्चीवर बसवलं. "यायच्यासमोर आईक. आजारानं नाही, आज तुह्या हातानं मेला तो."

रीळ फिरू लागलं. खरखर... नुसती खरखर. आणि मग त्यातून एक लहान मुलगा म्हणाला — "आई."

रडणं नव्हे, स्वच्छ शब्द. राहुल तर बोलायला लागण्याआधीच गेला होता. जगला असता तर एव्हाना असाच बोलला असता.

प्राध्यापक उभे राहिले. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. ताई आमच्याकडे पाहत होती.

"काय झालं? काहून असे पाहून राह्यले?"

"ताई... त्याने हाक मारली."

भाऊजींनी पुन्हा लावलं. आम्हा तिघांना पुन्हा ऐकू आलं. ताईने स्पीकरच्या जाळीला कान टेकवला, दुसरा कान बोटाने दाबला. "खरखर हाये नुसती." तिसऱ्यांदा, चौथ्यांदा... शेवटी ती माझ्याकडे वळली. "मंदे, तू बी? तू बी माही मस्करी करतं?"

मी रडायला लागले तेव्हा तिला पटलं. आणि त्याच वेळी भाऊजींनी ब्लेड उचललं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी मला बाजूला ढकललं.

"असा आवाज कोणत्याच यंत्रातून निघत नाही. सोडू कसा?"

त्यांनी 'आ' वेगळा केला, 'ई' वेगळी. लांबवली, घुमवली, एकावर एक चढवली. ती त्यांची सगळ्यात सुंदर रचना झाली, हेही खरं. लांबून लोक ऐकायला येत, डोळे पुसत जात. ताई त्यांना चहा देई. तिला त्यात फक्त खरखर ऐकू यायची. लोकांचे चेहरे पाहून ती ओळखायची, आता तो बोलला असेल... आणि हातातला ट्रे तसाच धरून थांबायची.

वर्षभराने ती नवऱ्याला सोडून आमच्याकडे अमरावतीला आली. भाऊजी गेल्यावर ती टेप कुठे गेली, कोणालाच ठाऊक नाही.

मी खूप विचार केला. टेप नीट पुसली गेली नसेल म्हणावं, तर तो शब्द तिच्यावर कधी नव्हताच. एखादं रेडिओ स्टेशन घुसलं म्हणावं, तर तो दर वेळी त्याच जागी कसा? ताईचे कान शाबूत होते. मागच्या अंगणात पडलेली सुई तिला ऐकू यायची.

शेवटच्या आजारपणात ती माझ्याजवळच होती. एका सकाळी म्हणाली, "मंदे, हाक मारली तवा... हासत होता का गं तो?"

"हो ताई. हासत होता."

तिने समाधानाने डोळे मिटले.

तो हसत नव्हता. बाजारात आईचा हात सुटलेलं पोर जशी मारतं, तशी ती हाक होती. जिच्यासाठी होती तिलाच तेवढी का ऐकू आली नाही... मला अजूनही ठाऊक नाही.