आमच्या हातचं चालतंय का?

कंधारला जायचं ठरलं तेव्हा माझ्या बहिणीनं कपाळावर हात मारून घेतला. "अहमदपुरात चांगलं घर हाय, पेन्शन हाय, मग ही कसली हौस गं?" मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, हे शाळेत मास्तर. निवृत्त झालो की दोघांनी मिशनच्या सेवेत जायचं, हे आमचं लग्नातच ठरलेलं. किल्ल्याजवळ मिशनच्या दोन खोल्या बंद पडून होत्या. एकीत प्रार्थना घ्यायची, दुसरीत बीपी-शुगर तपासायची, ज्याला नड असेल त्याला साधी औषधं द्यायची, एवढंच आमचं काम. जाळ्या झाडल्या, भिंतींना चुना दिला, दार उघडून बसलो. चार महिने झाले तरी चिटपाखरू फिरकलं नाही.

मी हटणारी नव्हे. कुणी येत नाही तर आपण जाऊ म्हणून बीपीचं मशीन पिशवीत घालून मी गल्लीगल्ली हिंडायला लागले. माझा मात्र एक नियम होता. नोकरीला लागले त्या दिवशी मोठ्या सिस्टरनं बजावलं होतं, "पेशंटच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. आज चहा घेशील, उद्या कोंबडी घेशील." तो नियम मी जन्मभर पाळला आणि त्याचा मला, खरं सांगते, गर्वही होता. कुणी चहा ठेवायला उठलं की मी म्हणायची, "नको नको, आत्ताच पिऊन आले." पाण्याची बाटलीसुद्धा घरचीच. लोक गोड बोलायचे, "या परत" म्हणायचे, पण केंद्रात कुणी यायचं नाही.

मग मिशनचा निरोप आला, की जूनपर्यंत बघू, नाहीतर केंद्र बंद करून तुम्ही घरी जा. मला रडूच फुटलं. त्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत मी देवावर चक्क चिडले. म्हटलं, काम तुझं आहे की माझं? एक तरी दार उघड. हे शेजारी डोळे मिटून बसले होते. हळूच म्हणाले, "आमेन."

त्याच दुपारी ऊन मी म्हणत होतं. बाटली कधीच संपलेली. बांगड्या विकणाऱ्या रशीदाबींच्या दारापाशी डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी त्यांच्या पायरीवरच बसले. त्या आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या, आणि हातभर अंतरावर थबकल्या.

"बाई, आमच्या हातचं चालतंय का?"

मला माझी आजी आठवली. ती सांगायची, लहानपणी तहान लागली की विहिरीपासून लांब ओंजळ धरून बसायचं. कुणाला दया आली तर वरनं पाणी ओतायचे. त्या ओंजळीतनं उठून आमचं घर प्रभूच्या दारात आलं. आणि आज तिच्या नातीला कुणीतरी हा प्रश्न विचारत होतं!

"असं का विचारता?" मी कसंबसं म्हटलं.

"सगळी गल्लीच म्हनती. मिशनची बाई कुनाच्याच घरचं पीत न्हाई, आपली बाटली घेऊन हिंडती. तुमाला आमचं पानी चालंना, मग आमी तुमची गोळी कशी घ्यावी?"

मी तांब्या ओढून घेतला आणि घटाघटा प्याले. निम्मं पाणी पदरावर सांडलं, डोळ्यांतलंही त्यात मिसळलं. म्हटलं, "अजून एक तांब्या द्या. आणि चहा टाका, साखर जरा जास्तच घाला." रशीदाबी खळखळून हसल्या. "आत्ता आलात बगा घरात!"

दुसऱ्या दिवसापासून पाण्याची बाटली घरी ठेवली. आम्ही दोघं पुन्हा त्याच दारांवर गेलो, आणि प्रत्येक घरी आधी पाणी मागितलं. बायबलातल्या गोष्टीत प्रभूनंही विहिरीवरच्या एका परक्या बाईकडं आधी पाणीच मागितलं होतं. इतकी वर्षं ऐकलेली गोष्ट, पण डोक्यात शिरली नव्हती. हे मला चिडवायचे, "सिस्टर, चहा झाला. कोंबडी कधी?" आठवडाभरात केंद्राच्या ओट्यावर बायका बसायला लागल्या. कुणी बीपीला येई, कुणी प्रार्थनेला, कुणी नुसतंच बोलायला.

जूनमध्ये मिशनचे दोघे वडीलधारे केंद्र बघायला आले. ओटा भरलेला. रशीदाबी घरून किटली घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढं कप धरला. त्यातले थोरले सवयीनं म्हणाले, "नको नको, आत्ताच घेतला." रशीदाबींचा हात तसाच थांबला.

मी पुढं झाले, कप घेऊन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "घ्या साहेब. हे केंद्र ह्याच्यावरच चाललंय."

ते ओट्यावर बसले आणि सगळा चहा प्याले. केंद्र बंद करायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

पूर्वी मी रोज मागायची, देवा, मला द्यायला बळ दे. आता म्हणते, देवा, मला मागायची लाज वाटू देऊ नकोस. आणि प्रार्थना झाली की रशीदाबींकडं चहाला जाते.