उलटं न फिरणारं जातं

लेकीच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही धुळ्यातच राहतो. स्कूटीवरून पडली आणि मनगट मोडून घेतलं. नेमकं त्याच वेळी पुण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरीसाठी छोटी हलती चित्रफीत करून पाठवायला सांगितलं होतं. चित्रं काढून झाली होती, पण ती हलवायची बाकी होती. डाव्या हाताला माऊस जमेना, तशी रडकुंडीला आली. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत.

"माय, तू बैस ना. मी सांगस तसं कर."

माझी शाळा चौथीपर्यंत. चार माणसांत बोलायलाही मला जमत नाही. पण तिचे वडील बाहेर ओट्यावर, घरात आम्ही दोघीच होतो, म्हणून बसले.

चित्रात एक बाई जात्यावर दळत होती. जात्याला आमच्याकडे घट्या म्हणतात. खाली आकड्यांची लांब पट्टी, पट्टीवर पत्त्यांतल्या चौकटीसारखे बारीक ठिपके आणि एक उभी लाल रेघ. रेघ धरून पुढे नेली की बाईचा हात फिरे. ठिपके जवळ आणले की जातं भरभर फिरे, लांब नेले की हळू. एवढं मला लवकर समजलं.

काही चुकलं की लेक म्हणे, "रेघ मांगे वढ." मी मागे ओढत नव्हते. चित्र शेवटपर्यंत चालू द्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून लावायचे. तिच्या ते लक्षात आलं.

"मांगे का बरं नही वढत?"

"भरेल घट्या उलटा फिरावतस का कोठे?"

ती हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. "माय, हाऊ खरा घट्या शे का?"

खरा नव्हता, हे मलाही कळत होतं. पण लहानपणापासून ऐकलेलं, दाणे घातलेलं जातं उलटं फिरवू नये. हात धजत नव्हता. तेवढ्यात तिचे वडील पाणी प्यायला आत आले. म्हणाले, "आते ह्या मशीनवर बी दळण दळी ऱ्हायनी का व?" मी पदर पुढे ओढला. वडिलांना ती भाऊच म्हणते. म्हणाली, "भाऊ, तुम्ही भायेर बसा. आमनं काम अडकेल शे."

ऊन कलायला लागलं. दर वेळी पहिल्यापासून पाहत बसलो तर काम होणार नाही, हे दिसत होतं. मी डोळे बारीक केले आणि रेघ मागे ओढली. पडलेलं पीठ जात्याच्या दोन पाळ्यांमध्ये शिरलं. दाणे खळग्यातून उडून बाईच्या मुठीत गेले. काही झालं नाही.

मग मुठीवर अडलो. मी म्हटलं, दाणे टाकताना जातं थांबतं, ठिपके लांब नेते. लेक म्हणाली, "तुन्हा घट्या थांबे नही. ल्हानपने मी समोर खडा निवडत बसू, माले ठाऊक शे."

मी रिकाम्या हातानं हवेत दळून पाहिलं. उजवा हात फिरत होता आणि डावी मूठ मधेच सुटत होती. थांबत नव्हतं. इतकी वर्षं दळलं, पण आपला हात कसा चालतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. समोर बसलेल्या एवढ्याशा पोरीनं ते पाहून ठेवलं होतं. गिरणी आली, जातं गेलं, आणि हाताचं ते चालणं तिच्याजवळ राहिलं. मी ठिपके जवळ घेतले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी चित्रफीत गेली. पंधरवड्यानंतर फोन आला, तिला घेतलं होतं. तिनं मला मिठी मारली, तेव्हा प्लास्टर पाठीला टोचलं. तिच्याबरोबर मीही हसले, मग शेगडी पुसायला वळले. ती आधीच पुसलेली होती.

आता ती पुण्याला असते. त्या दोन दिवसांसारखं जवळ आम्ही पुन्हा बसलेलो नाही. जाताना कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून तो खोका रिक्षात माझ्या मांडीवर ठेवला होता. स्टँडपर्यंत रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला मी त्यावर दोन्ही हात दाबून धरत होते, आणि ती म्हणत होती, "माय, काही होत नही त्याले."