एका पत्त्यावर दोन फोन

ऑर्झेला टिब्ज लायब्ररीत आली तेव्हा तिने ते पत्र पावाच्या रिकाम्या पिशवीत घालून आणलं होतं. पिशवीची गाठ तिने स्वतः सोडली नाही. टेबलावरून माझ्याकडे ढकलली आणि म्हणाली, "रेनिटा, तूच उघड. मी एकदा वाचलंय. पुन्हा नको."

दर मंगळवारी मी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, लायब्ररीत लोकांचे सरकारी फॉर्म भरून देते. धान्यासाठीचे फूड स्टॅम्प, विजेची सवलत, सरकारी मदतीचा फुकट फोन. मिसिसिपीच्या आमच्या सपाट मुलखात कागदाला घाबरत नाही असा माणूस मी फारसा पाहिलेला नाही. पण मिस ऑर्झेला (इथे वडीलधाऱ्या बाईला मिसच म्हणतात) चर्चच्या रविवारच्या शाळेत आम्हाला शिकवायची, रागावलेल्या पाद्र्यालाही खाली बसवायची. तिला एखाद्या कागदाला हात लावायला कचरताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तिचं सगळं त्या फोनवर होतं. चार वर्षं डायलिसिस चालू होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, उजाडायच्या आत व्हॅन यायची. मूत्रपिंडासाठी जॅक्सनच्या हॉस्पिटलच्या यादीत तिचं नाव होतं. मिळालं तर फोन येणार. वेळेत उचलला नाही तर ते मूत्रपिंड यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाणार. म्हणून आंघोळीला जाताना ती फोन टबाशेजारच्या स्टुलावर ठेवायची आणि पडदा उघडा टाकायची. चर्चमध्ये तो तिच्या झग्याच्या आत असायचा. तो थरथरला की प्रार्थना अर्धी टाकून बाहेर जायची तिला मुभा होती.

पत्रात लिहिलं होतं की या पत्त्यावर असे दोन फोन दिसतात, आणि नियम घरटी एकाचा आहे. दुसरा फोन क्लिओथाचा, म्हणजे तिच्या दिवंगत नवऱ्याच्या धाकट्या भावाचा. मागल्या वर्षी तो राहायचा तो चाकांवरचा ट्रेलर जळाला तेव्हा तो दोन गोणी सामान आणि तो फोन घेऊन तिच्याकडे राहायला आला होता.

घर कशाला म्हणायचं तेही खाली दिलं होतं. छप्पर एक असलं तरी चालेल. मिळकत आणि खाण्यापिण्याचा, विजेचा खर्च एकत्र असेल तर एक घर. नसेल तर दोन घरं, मग दोन फोन ठेवता येतील. खर्च एकत्र आहे का? हो की नाही, खूण करा आणि सही करा. महिनाभरात उत्तर आलं नाही तर ज्याच्या नावाने पत्र, त्याचा फोन बंद.

"मग 'नाही'वर खूण करूया," मी म्हणाले.

"लाइटबिल क्लिओथा भरतो. काल त्याने माझ्या हातची भाजी खाल्ली."

"भाजीला कोण विचारायला येतंय, मिस ऑर्झेला?"

"सहीच्या वर काय लिहिलंय ते वाच."

मी वाचलं. खोटी माहिती दिल्यास दंड किंवा कैद.

"माझा चुलतभाऊ अशाच एका सहीपायी कोर्टात उभा राहिला," ती म्हणाली. "सुटला. पण परत आल्यावर कुणाशी नजर वर करून बोलला नाही. कोर्टात बसले तर डायलिसिस कोण करणार माझं?"

"मग क्लिओथाने त्याचा फोन सोडला तर?"

"त्याची मुलगी शिकागोत आहे. नऊ वर्षं बोललेली नाही. तिच्याजवळ तो एकच नंबर आहे." तिने पत्र परत पिशवीत घातलं. "मी 'नाही'वरच खूण करीन. पण आधी ते खरं करते, मग सही करते."

त्याच दिवशी तिने चूल वेगळी केली. फ्रिजच्या मधल्या कप्प्यावर चिकटपट्टी लावून वर तिचं आणि खाली त्याचं नाव लिहिलं. क्लिओथाने विजेची एक छोटी शेगडी आणली आणि तो व्हरांड्यात रांधायला लागला. मी त्याच रस्त्यावर चार घरं पुढे राहते, येता-जाता मला त्याची पाठ दिसायची. फेब्रुवारी होता. कापसाच्या उघड्या शेतांत सरीसरींतून पाणी साचलं होतं, आणि त्यात आभाळ इतकं खाली उतरलं होतं की घरं त्याच्या काठावर बसल्यासारखी वाटत.

"वहिनी," तो जाळीच्या दारातून ओरडून विचारायचा, "माझं अंडं चुकून तुझ्या कप्प्यात गेलं तर सरकारला कळवायचं का?"

"कमी बोल आणि खा."

"मीठ नाहीये माझ्याकडे."

"विकत आण."

"तुझ्या डायलिसिसला तर मीठ चालतही नाही. बटाटा नाही, टोमॅटो नाही, पालेभाजी नाही. मी आल्यापासून तू माझ्या भांड्यातला एक घास खाल्लेला नाहीस. आपण तर केव्हाचे वेगळे आहोत."

"दोन्ही भांडी रांधत कोण होतं?" ती म्हणाली, आणि तो शेगडीकडे वळला.

हसू मलाही यायचं. पण तिच्या स्वयंपाकघरात गेलं की ते टिकत नसे. ती खुर्चीच्या टोकावर, कुणी बोलावणार असल्यासारखी बसलेली असायची. एकदा तिने विचारलं, "रेनिटा, किती दिवस वेगळं खाल्लं म्हणजे ते खरं धरतात?"

मी फॉर्म पुन्हा चाळला. दिवसांचा आकडा त्यात कुठेच नव्हता.

"आठ दिवसांचं म्हणजे नाटक झालं," ती म्हणाली. "महिना झाला तर म्हणता येईल. आणि विजेचं काय करू? मीटर एकच आहे." मग तिने क्लिओथाला बिल भरू दिलं नाही, आणि तो आपल्या खोलीत दिवा न लावता बसायला लागला. दोघंही त्या एका कागदापुढे रोज थोडी थोडी आक्रसत गेली. मी दर मंगळवारी विचारायची, फॉर्म पाठवला का. "अजून खरं झालेलं नाही," एवढंच ती म्हणायची. तारखेची आठवण मी दोनदा दिली. तिसऱ्यांदा दिली नाही. ते अजून मला खातं.

मग एका गुरुवारी चर्चच्या जेवणाचं विचारायला मी तिला फोन लावला. एका बाईचा आवाज म्हणाला, हा नंबर सेवेत नाही. मी पुन्हा लावला. मग चप्पल तशीच अडकवून पळत गेले.

ती टेबलाशी बसली होती. फोन समोर होता.

"चालूच आहे की," ती म्हणाली. "हे बघ, घड्याळ दिसतंय."

घड्याळ दिसत होतं. मुदत सोमवारी संपली होती. तीन दिवस ती एका घड्याळाला उराशी धरून फिरत होती, आंघोळीला, डायलिसिसला, झोपायला. मी सांगितलं तेव्हा तिने फोन उचलला नाही. हात हळूच मांडीवर ओढून घेतले, विस्तवाजवळून घ्यावेत तसे.

"तीन दिवस," ती म्हणाली. "त्यांनी लावला असेल तर?"

क्लिओथा जाळीचं दार ढकलून आत आला. महिनाभर तो त्या टेबलाशी आला नव्हता. काही न विचारता त्याने स्वतःचा फोन टेबलावर ठेवला. त्यावरून स्पीकर लावून मी हॉस्पिटलला फोन केला. नर्सने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, मग ती थांबली, आणि म्हणाली की या दिवसांत तुमच्यासाठी काही आलं नव्हतं.

"थांबली होती ना ती?" ऑर्झेला माझ्याकडे बघून कुजबुजली. "बोलायच्या आधी थांबली. मी ऐकलं."

"नोंद बघत होती, मिस ऑर्झेला."

"थांबली होती."

क्लिओथा वाकून फोनच्या तोंडाशी बोलला, "बाई, माझा नंबर लिहून घ्या. हो, आता हाच. आम्ही एकाच घरातले."

"आणि तुझी पोरगी?" ती म्हणाली.

"तिचा फोन आला तर येईल. दोन मिनिटांत आटपतं घेईन."

मी त्याच टेबलावर नवा फॉर्म भरला. एकत्र खाता का? हो. खर्च एकत्र? हो. घरात एकच फोन राहील, क्लिओथाचा. दोघांनी सह्या केल्या. ऑर्झेलाची सही कागदाच्या कडेबाहेर गेली.

क्लिओथा गवतातला विषारी साप कुदळीने उचलून फेकणारा माणूस. त्या दिवसानंतर तो मासे धरायला गेला नाही. नदीकाठी फोनला रेंज नाही म्हणाला. न्हाव्याकडे गेला नाही, कारण तिथे यंत्र घूं घूं करतं. शर्टाच्या वरच्या खिशाला त्याने सेफ्टी पिन लावली, आणि बोलताना सारखा तिथे हात नेऊ लागला, छातीत दुखत असल्यासारखा.

रविवारी चर्चनंतर मी त्यांच्याकडे जेवायला होते. एकाच टेबलावर तिचा बिनमिठाचा भात, त्याची डुकराच्या हाडातली भाजी. पहिला घास घेतला आणि फोन वाजला. अनोळखी नंबर.

दुसरी घंटी झाली तरी कुणी हललं नाही. मग क्लिओथा पिनेशी झगडला, बोटाला टोचून घेतलं, उभा राहिला आणि म्हणाला, "हो. बोला. मीच."

ऑर्झेलाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. माझ्यापर्यंत आवाज येत होता. उत्साहाने ठासून भरलेला एक आवाज, न थांबता. कुणीतरी गाडीचा विमा विकत होतं. रेकॉर्ड केलेला. क्लिओथाकडे सात वर्षं गाडी नाही.

शेवटी तरी हॉस्पिटलचं कुणी बोलेल, या आशेने त्याने फोन ठेवला नाही. तसाच ताठ उभा राहिला, दुसऱ्या कानावर तळवा दाबून.

"कोण आहे?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे न बघता एक बोट वर केलं. थांब. अजून संपलेलं नाही.