झाकण लावून काढलेले फोटो

फ्रिजवाल्याला धुळीचा नाद लागला तेव्हा तो पंचेचाळिशी ओलांडून गेला होता. या वयात माणसं गुडघ्यांची काळजी करतात, नाहीतर दुसऱ्यांच्या मुलांची लग्नं जमवत फिरतात. याने एक जुना कॅमेरा विकत घेतला. त्यातून चंद्राचे, झालंच तर सूर्यास्ताचे फोटो काढले असते तर चारचौघांत दाखवता तरी आले असते. याला हवी होती आकाशातली धूळ. ताऱ्यांच्या मधल्या जागेत तपकिरी, मळकट ढग पसरलेले असतात. ते स्वतः उजळत नाहीत, आसपासच्या ताऱ्यांचा उष्टा उजेड तेवढा अंगावर घेतात, आणि नुसत्या डोळ्यांना तर दिसतच नाहीत. आकाशाचा मोठा तुकडा मावेल असं भिंग लावून त्याच त्या तुकड्याचे ढीगभर फोटो काढायचे, ते संगणकावर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे कापडावर चहा सांडल्यासारखा एक डाग उमटतो. या डागापायी हा माणूस अमावास्येच्या आसपास शहराबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसायचा आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी दुकान उघडायचा.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला उघडे पडलेले फ्रिज, दुसरीला खिळ्यांवर टांगलेली दारांची रबरं, मधे जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. हातात कसब होतं, त्यात वाद नाही. बंद पडलेला फ्रिज उघडायच्या आधी तो त्याला कान लावायचा आणि बहुतेक वेळा दुखणं तिथेच सांगायचा. घरच्या फ्रिजवर मात्र त्याचं लक्ष नसे. तो वर्षानुवर्षं कण्हत होता आणि बायको वर्षानुवर्षं सांगत होती. बायको बालवाडीत शिकवायची, त्यामुळे तेच ते वाक्य न चिडता पुन्हा पुन्हा म्हणायची तिला सवय होती.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्या लेकीकडे राहायला आल्या तेव्हा आठ दिवसांची पिशवी घेऊन आल्या होत्या, आणि मग राहिल्याच. जिभेला हाड नव्हतं, पण त्या बोलण्यात विष कधी नसे. जावयाने पहिल्यांदा मोठ्या कौतुकाने आपला तपकिरी डाग दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून बघितला, फोटो उलटा धरून बघितला, आणि म्हणाल्या, "जावईबापू, एवढ्यासाठी टेकडीवर कशाला जाता? माझ्या कपाटाखाली वाका ना जरा. हवी तेवढी आहे." जावई हसला. पण त्या रात्री तो निघाला तेव्हा दारात मफलर घेऊन उभ्या होत्या त्याच. "धूळ बघा, पण कान झाका," म्हणाल्या.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एवढं बोलकं माणूस मागच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून पडून राहिलं. काही हवं असलं तर डाव्या हाताने पलंगाच्या दांड्यावर टकटक करायच्या. बायको शाळेतून आली की तासन्‌तास त्यांच्याशी बोलत बसायची. प्रश्नही तिचे, उत्तरंही तीच द्यायची. डॉक्टर म्हणाले होते, बोलत राहा, कधीतरी येतीलही शब्द. डॉक्टरांना काय, असं म्हणायला काही पडत नाही.

पण खरंच आले. एका रविवारी दुपारी बायको आईचे केस विंचरत होती, आणि आई बोलायला लागली. बायकोने फणी तिथेच टाकली आणि फोन घेतला, तर फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचा कॅमेरा पडला होता. आदल्या रात्री तो टेकडीवर जाऊन आला होता आणि तिथले फोटो सकाळीच संगणकावर उतरवून मोकळा झाला होता. भाच्याच्या वाढदिवसाला त्याने तिला व्हिडिओ कसा घ्यायचा ते एकदा शिकवलं होतं. तिने धावत जाऊन कॅमेरा आणला, बटण दाबलं आणि आईसमोर धरला.

फ्रिजवाला तेव्हा एका खानावळीचा बंद पडलेला फ्रीझर उघडून बसला होता. संध्याकाळी घरी आला तर बायको दारातच. डोळे सुजलेले, आणि चेहरा असा की तो क्षणभर घाबरलाच.

"आई बोलली! चांगलं पाच-सात मिनिटं बोलली. तुमच्या कॅमेऱ्यात घेतलंय मी."

"अरे वा!" तो म्हणाला. मनापासून म्हणाला, त्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. फक्त त्याच्या पुढे जे तोंडातून निघालं ते असं: "बॅटरी संपवली नाहीस ना?"

"नाही हो. तेवढं नीट उतरवून ठेवा हं."

"हो, हो. जेवण झालं की."

जेवण झालं, झोपही झाली. दुसऱ्या दिवशी सोमवार, दुकानाला सुट्टी. आणि सोमवारी त्याला काळे फोटो काढायचे होते.

हे काळे फोटो म्हणजे या नादातला सगळ्यात खुळचट वाटणारा भाग. रात्री बराच वेळ उघडा राहिला की कॅमेरा स्वतःचेच ठिपके फोटोत घुसडतो. ते ठिपके कुठले आणि धूळ कुठली, हे कळायला भिंगावर झाकण लावून, टेकडीवर होती तेवढ्याच थंडीत, तेवढाच वेळ देऊन, निव्वळ काळोखाचे फोटो काढायचे. मग ते खऱ्या फोटोंतून वजा करायचे. आता दिवसाढवळ्या टेकडीची थंडी आणायची कुठून? दुसऱ्या कोणाला हा प्रश्न पडला असता. याने सकाळीच घरच्या फ्रिजचं झाकण उघडून त्याला हवी ती थंडी बसवून दिली, आणि कण्हणंही एकदाचं थांबवलं. बायको इतकी खूश झाली की तिने खालचे दोन कप्पे स्वतः रिकामे करून दिले.

त्याने कॅमेरा घेतला. झाकण लावलं. कार्ड पुसलं. नवीन काम सुरू करायच्या आधी कार्ड कोरं करायचं, हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ते त्याने केलं असं म्हणणंही अवघड आहे. हाताने केलं. मन तेव्हा फ्रिजच्या काट्यावर होतं. कॅमेरा आपोआप फोटो काढत राहील अशी कळ लावून त्याने तो दुधाच्या पातेल्याच्या जागी ठेवला आणि दार लावून घेतलं.

"संध्याकाळपर्यंत दार उघडायचं नाही कोणी," त्याने बजावलं.

आई पुन्हा बोलेल म्हणून बायको त्या दिवशी शाळेत गेली नव्हती, तिने त्या दाराची राखण केली. शेजारीण बर्फ मागायला आली, तिला परत पाठवलं. आईपुरतं दूध आधीच बाहेर काढून ठेवलं होतं, ते आईला दिलं आणि स्वतः दिवसभर कोरा चहा प्यायली. "आज आमच्याकडे सगळं काळंच," असं शेजारणीला हसत सांगितलं. आत तिच्या आईच्या बोलण्यावर एकेक करून काळोख चढत होता, आणि बाहेर ही बाई तो कोणी बिघडवू नये म्हणून पहारा देत होती.

संध्याकाळी फोटो उतरवताना त्याला तो व्हिडिओ आठवला. कार्डात काठोकाठ काळे फोटो. पुसलेलं परत मिळवायच्या जेवढ्या युक्त्या त्याला ठाऊक होत्या, तेवढ्या त्याने केल्या. सापडले ते जुन्या धुळीचे दोन-चार तुकडे. सासूबाई कुठेच नव्हत्या.

त्याच वेळी उठून सांगितलं असतं तर? रडारड झाली असती, चार दिवस अबोला झाला असता. पण त्याला वाटलं, सासूबाई अजून आहेत. काल बोलल्या, तशा पुन्हा बोलतील. आपण तेवढं पुन्हा घेऊ, कोणाला कळणारही नाही.

म्हणून दुकान लवकर बंद करून तो रोज त्यांच्या उशाशी बसायला लागला. मांडीवर कॅमेरा तयार. "आई, बोला ना. कपाटाखालची धूळ काढू का? बघा, वाकतो मी." खरंच वाकायचा. "माझ्यावर रागावा हवं तर." त्या नुसत्या बघत राहायच्या, कधी त्याच्याकडे, कधी त्या काचेच्या डोळ्याकडे. डाव्या हाताने टकटकसुद्धा करायच्या नाहीत. बायको चहा घेऊन दारात यायची आणि तशीच उभी राहायची. भावाला फोनवर सांगायची, "पोटचा मुलगा बसणार नाही, असे बसतात रे हे आईजवळ." हे सगळं फ्रिजवाल्याच्या कानावर पडायचं. तो मान वर करत नसे.

सासूबाई त्यानंतर एक शब्दही बोलल्या नाहीत. महिना उलटायच्या आत गेल्या.

बायकोला व्हिडिओ लगेच बघायचाच नव्हता. "आत्ता नको. धीर झाला की बघेन. आहे ना नीट?" ती विचारायची. "आहे ना," तो सांगायचा. कधी संगणक दुरुस्तीला गेला, कधी ती फाईल वेगळ्या डिस्कवर आहे, अशा थापांवर त्याने वेळ मारून नेली. ती फार खोदून विचारत नसे. सणासुदीची साडी कपाटात ठेवून द्यावी, तसं तिने आईचं बोलणं मागे ठेवलं होतं. घरात आहे एवढं तिला पुरत होतं. मधल्या काळात त्या टेकडीवरच्या फोटोचं काम पूर्ण झालं. धूळ अशी स्वच्छ निघाली की हौशी मंडळींच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं. बायकोने उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि तो फोटो स्वतः बाहेरच्या खोलीत लावला.

वर्ष झालं तेव्हा तिचा भाऊ यायचा ठरला. आईचा आवाज ऐकायचा, म्हणून मुद्दाम रजा काढून येत होता. आदल्या सकाळी बायको अंघोळ करून, पदराला हात पुसत संगणकापाशी येऊन बसली.

"मी आधी एकटीच बघते. त्याच्यासमोर रडू कोसळलं तर बरं नाही दिसत. लावा."

त्याच्या जिभेवर तीन थापा तयार होत्या. पण ती अशी हात जुळवून बसली होती की त्यातली एकही बाहेर पडेना.

"नाही ते," तो म्हणाला. "त्या सोमवारी माझ्याकडून पुसलं गेलं."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती ओरडली नाही. त्याने अंग चोरून घेतलं होतं ते तसंच राहिलं.

"मग त्याच्या जागी काय आहे?" तिने विचारलं.

"ते काळे फोटो."

"दाखवा."

"अगं, त्यात काही नाही बघायला."

"दाखवा म्हणते ना."

त्याने एक फोटो उघडला. काळा. दुसरा उघडला. काळा. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "पुढचा." ती पडद्याच्या इतकी जवळ वाकली होती की तिचाच चेहरा त्यात पुसट दिसत होता. व्हिडिओ जेवढा होता तेवढा वेळ तरी हे चाललं असेल. मग ती मागे टेकली.

"म्हणून बसत होता होय तुम्ही तिच्याजवळ," ती म्हणाली.

काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि खरं तर आता जाणून घ्यायलाच हवं असं वाटून, त्याने वर्षभरात पहिल्यांदा विचारलं, "काय म्हणाल्या होत्या गं त्या दिवशी?"

बायकोने त्याच्याकडे बघितलं.

"मला काय माहीत? मी ऐकलंच नाही. तो लाल ठिपका लागलाय का, आईचा चेहरा नीट आत येतोय का, तेच बघत होते सगळा वेळ. मधे एकदा माझं नाव घेतलं तिने, आणि एकदा 'जावईबापू' म्हणाली, एवढंच कानावर पडलं. पुढचं काय, कोण जाणे. म्हटलं, आता कॅमेऱ्यात आलंय. नंतर निवांत ऐकू."

दुसऱ्या दिवशी भाऊ आला, तेव्हा तिने सांगितलं की कार्ड आपोआप खराब झालं, अशी कार्डं होतात खराब. नवऱ्याकडे तिने वळूनही बघितलं नाही. भावाने मेहुण्याच्या पाठीवर हात ठेवून त्याचंच सांत्वन केलं.

त्याने हा नाद सोडला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. नाही सोडला. अजून जातो टेकडीवर. थर्मास आता स्वतःच भरतो, मफलर स्वतःच शोधतो. बाहेरच्या खोलीतला बक्षिसाचा फोटो बायकोने काढलेला नाही, पुसायची मात्र बंद झाली आहे. कॅमेरा त्याने परत कधी फ्रिजमध्ये ठेवला नाही, कारण तशी गरजच पडली नाही. थंडी तेवढीच असली की जुने काळे फोटो पुन्हा चालतात. त्या सोमवारचे फार चांगले आले आहेत. तो अजून तेच वापरतो.