परबबाईंच्या दारातला इलेक्ट्रॉन

नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीत दिवसा कुणी दार लावत नसे. परबबाई मात्र शिकवणीच्या वेळी आतून कडी घालायच्या. टकटक केली की विचारायच्या, "कोण? वस्तुमान आहे की नाही?" आहे म्हटलं तर आपण इलेक्ट्रॉन, नाही म्हटलं तर फोटॉन. मग स्वतःची ऊर्जा कशी काढायची ते सांगायचं, तेव्हा कुठे दार उघडे. समोरच्या काकूंना दोन्ही उत्तरं पाठ झाली होती. अडलेल्याला त्या तांदूळ निवडता निवडता हळूच सांगायच्या.

बारावीला फिजिक्समध्ये आपटून मी बाईंकडे गेले. जुलैच्या फेरपरीक्षेत निघाले नाही, तर काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. मला त्या दुकानाची धडकी भरली होती.

पहिल्याच दिवशी बाईंनी सारख्या तरंगलांबीचे इलेक्ट्रॉन आणि फोटॉन दिले. मी दोघांना एकच सूत्र लावलं आणि ऊर्जा सारखी काढून मोकळी झाले. बाईंनी फळ्यावरच्या माझ्या उत्तराखाली खडूने रेघ ओढली.

"तरंगलांबी सारखी, म्हणून संवेग सारखा. इथवर शहाण्यासारखी आलीस. मग त्या बिचाऱ्या इलेक्ट्रॉनला प्रकाशाच्या वेगाने कशाला पळवलंस गं?"

संवेगाला प्रकाशाच्या वेगाने गुणायचं ते फोटॉनसाठी. इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा काढताना संवेगाचा वर्ग घ्यायचा आणि वस्तुमानाच्या दुपटीने भागायचं. तसं केलं तेव्हा फोटॉनच कितीतरी पुढे निघाला. वस्तुमान नसलेल्याची ऊर्जा जास्त, हे मला काही पटेना.

"माझं वजन बेचाळीस किलो," बाई म्हणाल्या. "चाळीत आवाज कोणाचा मोठा?"

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. सवयीने मी दोघांना फोटॉनचं सूत्र लावलं, आणि कानात कडीमागचं ते "कोण?" वाजलं. इलेक्ट्रॉनचं सगळं खोडून मी पुन्हा लिहिलं.

निकाल मोबाईलवर पाहिला आणि चपला न घालताच बाईंच्या दाराशी धावले.

"कोण?"

"बाई, मी पास झाले."

"ते नाही विचारलं. वस्तुमान आहे की नाही?"

मी रडत रडत इलेक्ट्रॉनचं सूत्र म्हटलं. दार उघडलं तर बाईंच्या हातात पेढ्यांचा पुडा. आता ती चाळ पाडली आणि बाई मुलीकडे राहायला गेल्या, पण त्या पेढ्याची चव अजून जिभेवर आहे. जरासा कडक झाला होता. समोरच्या काकूंनी नंतर सांगितलं, बाईंनी तो पुडा निकालाच्या आदल्या दिवशीच आणून ठेवला होता.