झोया अर्कादियेव्नांच्या सीटखालचा डबा

आमच्याकडे ज्याचं त्याचं जंगल स्वच्छ असतं. किरणं असतात ती शेजारच्या गावच्या जंगलात. चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा आम्ही जन्मलोही नव्हतो, तरी अळंब्यांतून तिची किरणं आमच्या पोटात जातच असतात. अंगातलं ते विष उतरावं म्हणून आमच्या बाई, झोया अर्कादियेव्ना, दर उन्हाळ्यात आम्हा पोरांना महिनाभर इटलीतल्या घरांत न्यायच्या. निघण्याआधी नाकातून बजावायच्या, "अळंबी नाही, रानफळं नाहीत, आजीचा मुरंबा नाही. सापडलं की उतरवून देईन." त्यांचा हा सूर मला असा जमतो की त्यांचं मांजरही फसतं.

पोलंडच्या हद्दीवर आमची बस किरणं तपासणाऱ्या कमानीखालून गेली आणि भोंगा वाजला.

"मागे घ्या. पुन्हा या," अधिकारी म्हणाला.

पुन्हा वाजला.

"वस्तू काढून द्या. नाहीतर बस परत जाईल."

बाई उठल्या. "यान्का, पिशवी."

यान्का सगळ्यांत लहान, पहिल्यांदाच निघालेला. त्याची आजी अळंबी वेचण्यात पट्टीची.

"आजीने दिली होती, पण मी लाकडांमागे लपवून आलो. खरंच, बाई."

"ते कळेलच." चड्ड्या, मोजे, साबण, सगळं सीटवर आलं.

"याच्यापायी आता सगळे घरी," मागून कुणीतरी पुटपुटलं. यान्काने तोंड खिडकीकडे वळवलं.

अधिकारी हातात यंत्र घेऊन चढला. यान्काच्या मोज्यांवर ते गप्प. माझ्या पिशवीवर गप्प. तो पुढे सरकला तसं ते टिकटिकू लागलं, आणि बाईंच्या सीटपाशी तर थांबेचना.

बाईंनीच खालचा डबा ओढून उघडला. आत वाळवलेल्या अळंब्यांची माळ.

"इटलीतल्या लोरेदानाबाईंसाठी," त्या म्हणाल्या. नाकातला सूर गेला होता. "इतकी वर्षं आपली पोरं सांभाळतात. रिकाम्या हाताने कसं जायचं? आणि ही आमच्या घरामागची आहेत. तिकडचं जंगल स्वच्छ आहे."

कुणी हसलं नाही. मीसुद्धा.

अधिकाऱ्याने बाहेरचं पत्र्याचं पिंप दाखवलं. बाई माळ टाकून आल्या. बस तिसऱ्यांदा कमानीखाली शिरली. कमान गप्प राहिली.

बाई यान्काच्या शेजारी टेकल्या आणि त्याच्या मोज्यांच्या घड्या घालू लागल्या.

खिडकीबाहेर बघतच यान्का म्हणाला, "चड्ड्यांच्या पण."

बाईंनी चड्डी उचलली.