आठव्या महिन्यातला नातू

सातव्या महिन्यातलं मूल जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, असं आमच्याकडच्या बायका सांगतात. आईच्या पोटात महिनाभर जास्त राहिलेलं पोर कमी ताकदीचं कसं, हे कोणी विचारत नाही. मी चौथी शिकलेली बाई, मलाही हे पटत नाही. पण शिकलेल्या घरांतही हेच चालतं.

आम्ही कोलशेतचे. माझ्या मुलीचं सासर डोंबिवलीला. पहिलं बाळंतपण आमच्याकडे व्हायचं होतं, पण आठव्या महिन्यातच सासरी असताना तिचं पाणी गेलं. तिला कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं. मी पोचले तोवर मुलगा झाला होता आणि त्याला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. बाहेर बाकावर माझी विहीण फोनवर बोलत होती.

"काही खरं नाही हो. आठव्यातला आहे. मशीनवर ठेवलाय."

माणूस गेल्याचं कळवतात तसा आवाज. पोर जिवंत होतं आणि ही सगळ्या नात्यात त्याचं मरण वाटत बसली होती.

मी हात धुऊन, गाऊन चढवून आत गेले. एवढंसं पोर. डोक्यावर टोपी आणि नाकात दोन बारीक नळ्या. त्यांचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं, आणि ते पाणी चुलीवरच्या आधणासारखं गुडगुडत होतं. डॉक्टरीण माझ्या मुलीच्याच वयाची. मी विचारलं, "हे मशीन बंद केलं तर हा गेला, असंच ना?"

"नाही आजी. श्वास तोच घेतोय. त्याची फुप्फुसं अजून कच्ची आहेत. श्वास सोडला की मिटतात, पुन्हा उघडताना तो दमून जातो. म्हणून नाकातून हळूच दाबाने हवा देतोय, ती मिटू नयेत म्हणून. बाकी मेहनत त्याचीच. आता लगेच काढलं तर मात्र फार दमेल."

तेवढ्यात पोराने तोंड उघडलं आणि बाटलीतले बुडबुडे थांबले. मी सिस्टरला हाक मारली. तिने हनुवटीखाली हलकेच बोट धरलं, तोंड मिटलं, पाणी पुन्हा गुडगुडलं. "तोंडातून हवा गेली, एवढंच," ती म्हणाली.

मी बाहेर येऊन विहिणीला हे सगळं सांगितलं.

"तुमची माया कळते मला, विहीणबाई," ती म्हणाली. "पण आठव्यातलं राहत नाही. कशाला त्या जिवाला नळ्या लावून छळायचं? घरी नेऊ, देवापुढे ठेवू."

जावई खाली मान घालून उभा. आपल्या जबाबदारीवर बाळाला नेतो, असं लिहून द्यायची त्याची तयारी झाली होती. आणि माझ्या मुलीने अजून पोर पाहिलंसुद्धा नव्हतं! बाळासाठी आईचं थोडं दूध हवं म्हणून सिस्टर वरच्या खोलीत तिच्याकडे विचारायला निघाली होती. विहिणीने सिस्टरला वाटेतूनच परत पाठवलं. म्हणे, "पाहिलं की माया लागते, मग जड जातं."

एवढे महिने पोटात वाढवलं, ती माया नव्हती? माझं डोकं फिरलं.

"जावईबापू," मी म्हणाले, "काय लिहून द्यायचं ते द्या. पण आधी बायकोला खाली आणा. पोर तुमचं दोघांचं आहे. तुमच्या आईचं नाही आणि माझंही नाही."

"आई, ती रडेल."

"रडू दे. तुम्ही बाजूला उभे राहा."

"ओली बाळंतीण आहे," विहीण म्हणाली. "वारा लागेल तिला."

"एसीचा वारा लागतो आणि तुमच्या बोलण्याचा लागत नाही होय?"

मी वर जाऊन पोरीला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः ढकलत आणलं. ती रडली नाही. खुर्चीतून वाकून त्याला बघत राहिली. मग म्हणाली, "अगं आई, हा तर बाबांसारखा आठ्या घालून झोपतो!" सिस्टरला तिने विचारलं, "दूध कसं काढायचं, मला दाखवता?" आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "याला इथून हलवलंस ना, तर मला विसर."

जावयाने लिहून दिलं नाही.

काही दिवसांनी नाकातल्या नळ्या निघाल्या. पुढे वजन भरायला वेळ लागला, पण पोर घरी आलं.

बारसं डोंबिवलीला झालं. विहीण नवी साडी नेसून येईल त्या बाईला सांगत होती, "सातव्यातला हो, म्हणून वाचला!"

हिने पोराचा महिना बदलला, पण आपलं म्हणणं सोडलं नाही. माझी मुलगी कुजबुजली, "आई, आज जाऊ दे ना." मी सोडूनही दिलं असतं. पण समोरच विहिणीची भाची बसली होती. सहा महिन्यांची गरोदर, पोटावर हात ठेवून सगळं ऐकत होती.

"विहीणबाई," मी मोठ्याने म्हणाले, "सातव्यात तर तुम्ही हिला हिरवी साडी नेसवून झोपाळ्यावर बसवलीत. या सगळ्या बायका माझ्या हातचा नारळीभात जेवून गेल्या. तो पचून महिना झाला, मग पाणी गेलं. पोरगा आठव्यातलाच आहे."

बायका हसल्या. विहीण म्हणाली, "चांगल्या दिवशी कशाला वाकडं बोलता?"

"वाकडं नाही, मोजून बोलते." मी भाचीकडे वळले. "पोरी, तुझे दिवस पुरे भरू देत. पण लवकर झालंच, तर महिना कितवा म्हणून रडत बसू नकोस. बाळाच्या श्वासाची सोय असेल तिथे जा आणि डॉक्टर सोडेपर्यंत हलू नकोस. आणि तुझं पोर तुला बघू देत नसतील, तर हॉस्पिटल डोक्यावर घे."

तिने मान डोलावली. तेवढं मला पुरे होतं.

निघताना विहिणीने माझी ओटी भरली. आत नातवाने भोकाड पसरलं होतं, ते मला खाली रिक्षात बसेपर्यंत ऐकू येत होतं.